वेशीवरचे कांटे

पुण्याहून साताऱ्याच्या वाटेनें निघालें आणि खेड-शिवापूर मागें पडलें, कीं थोड्याच वेळांत कापूरहोळ लागतें. ह्या गांवाची सारी ख्याति त्याच्या फांट्यांवर आहे. उजव्या हाताला भोरचा रस्ता फुटतो. डाव्या हाताला नारायणपूर-सासवडचा. दत्ताच्या दर्शनास जाणारे, केतकावळ्याच्या बालाजीस जाणारे, भोरच्या बाजारास जाणारे, असे नाना तऱ्हेचे लोक येथें गाडीचा वेग कमी करितात, चहा घेतात आणि आपापल्या वाटेस लागतात. अशा गांवाला वेस कशी असेल? बाळपणापासून आम्हीं तरी कापूरहोळास बंद होणारें दार कधीं पाहिलें नव्हतें.

तें दार आम्हीं २०२० सालच्या मार्च महिन्यांत पाहिलें. त्या दारावरून आम्हीं एक अनुमान काढलें, तें चुकलें, आणि त्याची किंमत दुसऱ्याच कोणाला तरी मोजावी लागली. ती हकीकत सांगण्यांत आम्हांला भूषण कांहींच नाहीं. परंतु आमच्यासारखे अर्धवट वाचन केलेले गृहस्थ प्रत्येक घरांत एखादा तरी असतो, आणि घरचीं माणसें त्याच्या शब्दावर विसंबून असतात. म्हणून ती सांगावी असें वाटतें.

आमचें जुनें घर हमरस्त्यापासून थोडें आंत, एका अरुंद आळीच्या शेवटाला आहे. नोकरीचीं सारीं वर्षें पुण्यास गेलीं. तरी पावसाळ्यापूर्वीं कौलें शाकारून घेण्याच्या निमित्तानें आणि दिवाळींत चार दिवस आम्ही येथें येतोंच. त्या वर्षीं निमित्त निराळें होतें. ९ मार्चला पुण्यांत महाराष्ट्रांतले पहिले दोन कोरोनाचे रुग्ण सांपडले, आणि पुढच्या आठ-दहा दिवसांत शहराचा नूरच पालटला. तेव्हां आम्ही व आमची थोरली बहीण, जिला सारें घर अक्का म्हणतें, असे दोघेजण कपड्यांच्या दोन पेट्या आणि औषधांची एक पिशवी घेऊन कापूरहोळास येऊन राहिलों.

ह्या गोष्टींत औषधांच्या पिशवीलाच महत्त्व आहे. आमचें वय तेव्हां ६८, अक्काचें ७६. आम्हांस रक्तदाबाचा जुना विकार. त्यासाठीं रोज सकाळीं टेल्मिसार्टनची एक गोळी. अक्काला कांहीं वर्षांपूर्वीं हृदयविकाराचा झटका येऊन गेला होता. तेव्हांपासून तिचें हृदय दुबळें झालें होतें, आणि रामिप्रिलची एक लहानशी गोळी व आणखी दोन-तीन औषधें ह्यांच्या बळावर तिचा गाडा सुरळीत चालला होता. दोन्ही गोळ्यांचीं नांवें निराळीं, पण काम बरेंचसें एकाच जातीचें, एवढें आम्हांला ठाऊक होतें. एवढेंच ठाऊक होतें, हें आमचें दुर्दैव.

२५ मार्चला गुढीपाडवा होता. त्याच दिवसापासून देशभर टाळेबंदी लागू झाली. सकाळीं दारोदार गुढ्या उभ्या राहिल्या आणि संध्याकाळीं आमच्या आळीच्या तोंडाशीं बाभळीच्या फांद्यांची रास पडली. आधीं फांद्या, मग त्यांवर दगड, मग एक आडवा बांबू, आणि शेजारीं पाळीपाळीनें राखण करणारीं चार मुलें. महाराष्ट्रांतल्या कितीतरी खेड्यांनीं त्या दिवसांत असेंच केलें. पुण्या-मुंबईच्या माणसाला आंत येऊं द्यावयाचें नाहीं, हा त्यांतला हेतु. आम्ही स्वतः पुण्याहूनच आलेले. परंतु आधीं येऊन बसल्यामुळें आम्हांला तें कुंपण फार शहाणपणाचें वाटलें. माणूस एकदां आंत शिरला, कीं दार बंद करण्याच्या धोरणाचा तो मोठा अभिमानी होतो!

तिसऱ्या दिवशीं दूध नेणारी गाडी बाहेरच थांबली. बायका कांट्यांवरून किटल्या पलीकडे देऊं लागल्या. एकीचा हात ओरबाडला, एकीचें दूध सांडलें. बाहेरचें मीठमिरची आंत येईना, मळ्यांतलीं वांगीं बाहेर जाईनात. आम्ही ओट्यावर बसून तें पाहत होतों आणि "रोगापुढें इतका त्रास सोसलाच पाहिजे," असा अभिप्राय देत होतों.

एप्रिलच्या मध्यास एका स्नेह्याकडून मोबाइलवर एक निरोप आला. त्याचा आशय असा: हा विषाणु शरीरांत वाटेल तेथून शिरत नाहीं. आपल्या पेशींच्या पृष्ठभागावर एसीई-२ नांवाचें एक विकर असतें, तेंच त्याचें दार. रक्तदाबाच्या कांहीं गोळ्यांनीं हीं दारें वाढतात. म्हणूनच रक्तदाबाचे रोगी ह्या सांथींत अधिक दगावतात. खालीं गोळ्यांचीं नांवें दिलीं होतीं. त्यांत आमची टेल्मिसार्टन होती आणि अक्काची रामिप्रिलही होती.

हा निरोप निव्वळ थाप असता, तर आम्ही बहुधा फसलों नसतों. त्यांतलीं पहिलीं दोन वाक्यें खरीं होतीं, आणि तिसरें खरें असण्याचा संभव विद्वानांनाही वाटला होता. आम्ही डोळ्यांसमोर बाभळीचें कुंपण पाहत होतों. गांवानें आपल्या वाटा बंद केल्या, मग आपण शरीराच्या वाटा उघड्या कां ठेवाव्या? दाब चार दिवस थोडा चढला तर चढेल. सांथ ओसरली कीं पुन्हां गोळी सुरू करूं. असा हिशेब आम्हीं पांच मिनिटांत केला आणि अक्काला समजावून सांगितला.

अक्का म्हणाली, "अरे, डॉक्टरांना विचारलंस का?"

आम्हीं फोन लावला. तो लागला नाहीं. एकदां लावला, हें येथें नमूद केलें पाहिजे. दुसऱ्यांदा लावला नाहीं.

अक्कानें थोडा वेळ गोळीचें पाकीट हातांत धरलें. "तूं शिकलेला. तूं म्हणतोस तर ठेवते बाजूला," असें म्हणून तिनें तें देव्हाऱ्याच्या खालच्या फळीवर ठेवून दिलें.

पहिले पांच-सहा दिवस कांहींच झालें नाहीं, आणि आम्हांला आपल्या निर्णयाची धन्यता वाटूं लागली. सातव्या दिवशीं अक्काचीं पाउलें सुजलीं. तिनें कैरीच्या लोणच्याला दोष दिला. नवव्या दिवशीं तिला आडवें झोपवेना. दोन उशा झाल्या, मग ती भिंतीला टेकून बसूनच रात्र काढूं लागली. तेव्हां आमच्या मनांत कोणता विचार आला असेल? गोळीचा नव्हे. दम लागतो म्हणजे कोरोनाच असणार, ही भीति आली. आणि तिच्या पाठोपाठ दुसरी, कीं हें आळींत कळलें तर लोक काय म्हणतील! ह्या दुसऱ्या भीतीपायीं आम्हीं आणखी दोन दिवस घालविले. हें लिहितांना हात जड होतो.

२६ एप्रिलला अक्षय्य तृतीया होती. आमरसाची वाटी अक्कानें पुढें ओढलीच नाहीं. रात्रीं अकराच्या सुमारास तिच्या श्वासाला घरघर लागली आणि ओंठ काळसर दिसूं लागले. आम्हीं गाडी काढली आणि तिला मागच्या बैठकीवर बसवून आळीच्या तोंडाशीं आलों. समोर बाभळीची रास.

"नाना, एवढ्या रातीं कुठं निघालात?" पहाऱ्यावरच्या एका मुलानें विचारलें.

"अक्काला दम लागलाय."

तो शब्द ऐकतांच चौघेही दोन पावलें मागें सरले. आम्हांला त्यांचा राग आला नाहीं. त्यांच्या जागीं आम्ही असतों तर चार पावलें सरलों असतों. मग त्यांतल्या एकानें खांद्यावरचा पंचा तोंडाला बांधला आणि मुकाट्यानें दगड उचलावयास सुरुवात केली. बाकीचे त्याला येऊन मिळाले. बत्तीच्या उजेडांत त्यांच्या हातांना कांटे लागत होते, रक्त येत होतें, आणि अक्काचा श्वास आम्हांला मागून ऐकूं येत होता. वीस मिनिटें लागलीं. एक महिना ज्या कुंपणाकडे आम्हीं ओट्यावरून कौतुकानें पाहिलें, त्याची उंची त्या वीस मिनिटांत आम्हांला समजली.

खेड-शिवापूरचा नाका, कात्रजचा बोगदा, पोलिसांची चौकशी, असें करीत पुण्यास एका इस्पितळांत पोहोंचलों. तिच्या नाकांतला स्राव तपासणीला गेला. (दुसऱ्या दिवशीं उत्तर आलें, कोरोना नव्हता.) तरुण डॉक्टरांनीं छातीला नळी लावली, पायांवर बोट दाबून पाहिलें, आणि विचारलें, "गोळ्या कोणत्या चालू आहेत?"

"चालू होत्या," आम्हीं म्हटलें.

"होत्या म्हणजे? बंद कुणीं केल्या?"

"आम्हीं."

"आम्हीं म्हणजे कोणीं कोणीं?"

लिहितांना स्वतःला 'आम्ही' म्हणावयाची रीत जुनी आहे, आणि तिच्यांत थोडी ऐटही आहे. त्या रात्रीं मात्र त्या अनेकवचनाच्या आड लपावयाला जागा उरली नाहीं. एकट्यालाच पुढें होऊन सांगावें लागलें.

अक्काच्या दुबळ्या हृदयावरचा भार वाढून फुप्फुसांत पाणी उतरलें होतें. प्राणवायु दिला, पाणी उतरविणारीं इंजेक्शनें दिलीं, आणि दोन दिवसांनीं रामिप्रिल पुन्हां सुरू केली. सहाव्या दिवशीं ती घरीं आली. डॉक्टर रागावले नाहींत. ते एवढेंच म्हणाले, "दार म्हणून वाचलंत, तें दार एरवीं काय करतं, तें वाचलं नाहींत."

तें आम्हीं पुढें वाचलें. जें समजलें तें सोपें करून सांगतों.

विकर म्हणजे शरीरांतला एखादा रासायनिक व्यवहार घडवून आणणारें, पण त्यांत स्वतः खर्ची न पडणारें प्रथिन. भाकरीचा घांस बराच वेळ चावला कीं गोड लागतो, तें लाळेंतल्या विकराचें काम. रक्तदाब सांभाळण्याच्या कामीं अशींच दोन-तीन विकरें हातांत कात्री घेऊन बसलेलीं असतात. यकृत एक लांबलचक प्रथिन रक्तांत सोडतें. दाब उतरला कीं मूत्रपिंडें रेनिन नांवाचें विकर सोडतात. १८९८ सालीं स्टॉकहोम येथें टिगरस्टेट व बर्गमन ह्यांनीं सशाच्या मूत्रपिंडांत तें प्रथम दाखविलें. रेनिन त्या प्रथिनाच्या टोंकाची दहा मण्यांची सर कापून वेगळी करितें. मग एसीई नांवाचें दुसरें विकर तिच्यांतले दोन मणी उतरवितें आणि आठ मण्यांची सर उरते. तिचें नांव अँजिओटेन्सिन-दोन.

ही आठ मण्यांची सर मोठी कर्तबगार आहे. ती रक्तवाहिन्या आवळते, मीठ आणि पाणी शरीरांत धरून ठेवावयास लावते, दाब चढविते. जखमेंतून रक्त वाहून गेलेल्या माणसाचे प्राण ती वांचविते. परंतु तिचा अंमल बारमाही झाला, कीं तोच जुलूम होतो. हृदयाचे स्नायु जाड व ताठर होतात, मूत्रपिंडांत निबर तंतू माजतात, रक्तवाहिन्यांना दाह होतो. तिला आवर घालणारें कोणी तरी पाहिजे. तें काम एसीई-२ करितें. २००० सालीं अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स आणि इंग्लंडांतील लीड्स येथल्या संशोधकांच्या दोन निरनिराळ्या तुकड्यांना तें स्वतंत्रपणें सांपडलें. हें विकर त्या आठांतला आणखी एक मणी काढून टाकतें. सात उरतात, आणि काय आश्चर्य, ह्या सातांचा स्वभाव आठांच्या अगदीं उलट! त्या आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करितात, दाह शमवितात. मूत्रपिंडांत, आंतड्यांत, हृदयांत, फुप्फुसांत हें विकर पेशींच्या बाहेरच्या अंगाला बसलेलें असतें. हें विकर नसलेल्या उंदरांचीं हृदयें दुबळीं पडतात, असें २००२ सालच्या एका प्रयोगांत दिसून आलें.

दुसऱ्याच वर्षीं सार्सची सांथ आली, आणि बोस्टन येथल्या संशोधकांनीं दाखविलें कीं तिचा विषाणु आपली किल्ली नेमकी ह्याच विकराला लावतो. साध्या पडशाला कारण होणारा एनएल-६३ हा त्याचा एक भाऊबंदही तेंच करितो. २०१९ च्या अखेरीस चीनमध्यें प्रकट झालेल्या नव्या विषाणूनेंही तेंच दार निवडलें. त्याच्या अंगावरचे कांट्यासारखे उंचवटे एसीई-२ वर घट्ट बसतात. मग टीएमपीआरएसएस-२ नांवाचें आपलेंच एक विकर त्या कांट्याला योग्य जागीं कापून देतें, आणि चोर आंत येतो.

येथपर्यंत निरोपांतल्या म्हणण्यांत चूक नव्हती. परंतु पुढची गोष्ट त्यांत नव्हती. विषाणु आंत शिरतो तो दार जागच्या जागीं ठेवून नव्हे. तें विकरही त्याच्याबरोबर पेशींत ओढलें जातें, कांहीं तुटून पडतें. पृष्ठभागावरचें एसीई-२ कमी होतें, आणि आठ मण्यांच्या सरीला आवरणारा हात कमी होतो. २००५ सालीं सार्सच्या विषाणूचा केवळ तो कांटा उंदरांना टोंचून हें दाखविण्यांत आलें होतें. फुप्फुसांतलें एसीई-२ घटलें आणि त्यांची इजा वाढली; अँजिओटेन्सिन-दोनचें काम रोखणारें औषध दिलें, तेव्हां ती इजा कमी झाली. तें औषध लोसार्टन होतें, म्हणजे आमच्या टेल्मिसार्टनचें सख्खें भावंड! माणसाच्या कोरोनांत दाह, रक्ताच्या गुठळ्या अशीं इतरही कारणें गुंतलेलीं असतात, आणि उंदराची गोष्ट जशीच्या तशी माणसाला लावतां येत नाहीं. तरी एवढें खरें, कीं चोर ज्या दारानें आला तें दार ह्या घराच्या राखणदाराचेंच होतें. आणि नुकसान चोराच्या येण्यानें जसें झालें, तसें राखणदार नाहींसा झाल्यानेंही झालें.

मग गोळ्यांचा वाद कोठून निघाला? रामिप्रिल ही दोन मणी काढणाऱ्या पहिल्या कात्रीला अडविते. ब्राझीलमधल्या एका सापाच्या विषावरून सुचलेलें कॅप्टोप्रिल हें ह्या घराण्याचें मूळ औषध, आणि तें अमेरिकेंत १९८१ सालीं वापरांत आलें. टेल्मिसार्टन कात्रीला हात लावीत नाहीं; आठ मण्यांची सर ज्या जागीं बसून हुकूम सोडते ती जागाच अडवून ठेवते. एसीई-२ ला दोन्ही स्पर्श करीत नाहींत. परंतु २००५ सालीं उंदरांवर केलेल्या प्रयोगांत ह्या औषधांनीं हृदयांतलें एसीई-२ वाढल्याचें दिसलें होतें, आणि चीनमधल्या रुग्णांत रक्तदाबाचे रोगी बरेच होते. ह्या दोन गोष्टी जोडून मार्च २०२० मध्यें लॅन्सेटच्या श्वसनविषयक मासिकांत एक लहानसें पत्र आलें. तो नुसता तर्क होता. सांथींत म्हातारीं माणसें अधिक दगावत होतीं, आणि म्हाताऱ्यांना रक्तदाब असतोच. हा साधा खुलासा कोणाच्या निरोपांत नव्हता.

युरोपांतल्या हृदयरोगतज्ज्ञांच्या संस्थेनें १३ मार्चलाच जाहीर केलें होतें, कीं ह्या तर्काला पुरावा नाहीं, आपल्या गोळ्या कोणींही बंद करूं नयेत. आम्हीं अक्काची गोळी बंद केली, त्याच्या महिनाभर आधीं! तर्काचा निरोप आम्हांपर्यंत आला. सावधगिरीचा आला नाहीं, किंवा आला तरी आम्हीं वाचला नाहीं. भीतीचे निरोप पायांनीं पळत येतात. धीराचे बैलगाडींतून येतात.

पुढें ब्राझीलमध्यें ह्या प्रश्नाची रीतसर परीक्षा झाली. ह्या दोन जातींच्या गोळ्या घेणारे, कोरोना होऊन इस्पितळांत आलेले ६५९ रुग्ण घेतले. चिठ्ठ्या टाकाव्या त्याप्रमाणें त्यांचे दोन गट पाडले. एकाची गोळी ३० दिवस थांबविली, दुसऱ्याची चालू ठेवली. ज्यांची थांबविली ते त्या ३० दिवसांपैकीं सरासरी २१.९ दिवस जिवंत व इस्पितळाबाहेर राहिले. ज्यांची चालू ठेवली ते २२.९. मृत्यूचें प्रमाण दोन्हींकडे जवळजवळ सारखें. म्हणजे थांबवून कांहींही हातीं लागलें नाहीं. हा निकाल जानेवारी २०२१ मध्यें छापून आला.

ह्यावरून कोणी असें समजेल, कीं मग ह्याच गोळ्या कोरोनावर रामबाण असतील. तोही तर्क झाला. ज्यांना त्या एरवीं चालू नव्हत्या अशा इस्पितळांतल्या रुग्णांना त्या मुद्दाम सुरू करून पाहिल्या. २०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या परीक्षेंत त्यांचा फायदा झाला नाहीं, उलट अत्यवस्थ रुग्णांना अपाय झाला असावा असें दिसलें. ज्याला जी गोळी ज्या कारणासाठीं दिली आहे, त्याला ती त्या कारणासाठीं चालू ठेवावी, एवढाच ह्या साऱ्या खटाटोपाचा निष्कर्ष. पांच मिनिटांच्या आमच्या हिशेबांत तो बसत नव्हता.

मग दार बंद करावयाचें नाहीं, तर चोराला आवरावयाचें कसें? त्याचेंही उत्तर आमच्या ह्याच रस्त्याच्या टोंकाला, पुण्यांत, तयार होत होतें. १९५२ सालीं तेथें विषाणु-संशोधन केंद्र निघालें. त्याचीच पुढें राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था झाली. २०२० सालीं ह्या संस्थेनें तो विषाणु वेगळा करून वाढविला, आणि त्यावरून हैद्राबादेस कोव्हॅक्सिन ही लस तयार झाली. कोव्हिशील्ड तर पुण्यांतच सीरम संस्थेंत होऊं लागली. दोन्ही लशींपैकीं एकही एसीई-२ ला धक्का लावीत नाहीं. त्या शरीराला त्या कांट्याची, म्हणजे चोराच्या किल्लीची, ओळख पटवून देतात. मग रक्तांतलीं प्रतिपिंडें त्या किल्लीलाच लपेटून टाकतात आणि ती कुलुपांत बसत नाहीं. दार उघडेंच राहतें, राखणदार आपलें काम करीत राहतो. लसीकरण १६ जानेवारी २०२१ ला सुरू झालें, आणि मार्चमध्यें आम्हीं दोघांनीं लस घेतली. ह्या वेळीं आम्हीं डॉक्टरांना आधीं विचारलें.

कापूरहोळच्या लोकांना एका गोष्टीचा अभिमान आहे. १६५७ सालीं पुरंदरावर संभाजी महाराजांचा जन्म झाला. सईबाई आजारी, त्यांना अंगावरचें दूध पुरेना. तेव्हां महाराजांची दूधआई म्हणून ह्याच गांवची धाराऊ गाडे गडावर गेली, असें सांगतात. गड म्हणजे बंद दारांचीच वस्तु. पण त्या दिवसांत पुरंदरच्या पहारेकऱ्यानें 'दार बंद म्हणजे बंद' असा हट्ट धरला असता, तर गड सुरक्षित राहिला असता आणि आंत पाळण्यांतलें मूल उपाशी राहिलें असतें. दारावर उभें राहणाऱ्याला आडवें होण्याइतकेंच बाजूला होणेंही समजावें लागतें. ही गोष्ट लहानपणापासून ऐकूनही आम्हांला अक्काच्या गोळीच्या वेळीं ती आठवली नाहीं.

आळीच्या तोंडाचें कुंपण मे महिन्यांत हळूहळू विरलें. आधीं दुधासाठीं एका बाजूनें वाट झाली, मग औषधांसाठीं दुसऱ्या, आणि एके दिवशीं उरलेल्या फांद्या कोणी चुलीसाठीं घेऊन गेलें. अक्काला दम लागल्याचें ऐकून पहिला दगड उचलणारा तो मुलगा आतां फांट्यावर दुकान चालवितो. त्याच्या उजव्या हाताच्या अंगठ्यावर बाभळीच्या कांट्याचा वण आहे. आम्हीं एकदां त्याचा हात हातांत घेऊन तो पाहिला, तो हंसला आणि म्हणाला, "नाना, त्यात काय एवढं."

अक्कानें आतां ऐंशी ओलांडली आहे. तिनें आम्हांला त्या अकरा दिवसांबद्दल एका शब्दानें कधीं विचारलें नाहीं. फक्त एक बदल झाला आहे. सकाळीं चहाच्या वेळीं ती दोन्ही पाकिटें घेऊन बसते. स्वतःची रामिप्रिल घेते, आमची टेल्मिसार्टन आमच्या तळहातावर ठेवते, आणि आम्ही ती गिळेपर्यंत आमच्या तोंडाकडे पाहत राहते.